विकत घेतले, तरी भाडेकरूच!

संगणकापुढे तासन्‌तास बसणारा मुलगा हा मध्यमवर्गीय घरातील कायमचा चिंतेचा विषय आहे. बाजारात येऊ घातलेल्या मोबाईलची वैशिष्ट्ये त्याला मुखोद्गत असतात, कोणत्या यंत्रात कोणता प्रोसेसर आहे हे तो झोपेतही सांगेल, आणि इंटरनेटवरील खेळांत त्याचे जे सवंगडी असतात त्यांपैकी एकालाही त्याच्या आईवडिलांनी पाहिलेले नसते. डोळे बिघडतील, अभ्यास बुडेल, मैदान सुटेल, या वडीलधाऱ्यांच्या तक्रारींत तथ्य नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु या तक्रारींच्या गलबल्यात एका गोष्टीकडे दुर्लक्ष झाले आहे. रोख पैसे मोजून घेतलेली वस्तू खरोखर घेणाऱ्याची होते काय, हा मालकीचा मूलभूत प्रश्न गेल्या दोन-तीन वर्षांत युरोपातील कायदेमंडळांच्या दारापर्यंत कोणी नेला असेल, तर तो या ‘वाया गेलेल्या’ खेळवेड्या तरुणांनी नेला आहे.

निमित्त झाले ते एका मोटारशर्यतीच्या खेळाचे. युबिसॉफ्ट ही फ्रान्समधील बडी खेळनिर्माती कंपनी. डिसेंबर २०१४ मध्ये तिने ‘द क्रू’ नावाचा खेळ बाजारात आणला. न्यूयॉर्कपासून लॉस एंजेलिसपर्यंतची अमेरिका त्यात लहान प्रमाणावर उभी केलेली होती. रस्ते, शहरे, वाळवंटे, डोंगर, सारे काही. खेळणाऱ्याने मोटार काढावी आणि मनसोक्त भटकावे, अशी कल्पना. एक कोटीहून अधिक लोक हा खेळ खेळले. कित्येकांनी दुकानात जाऊन, संपूर्ण किंमत देऊन, त्याची तबकडी डबीसकट घरी आणली होती. डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली आणि ३१ मार्च २०२४ रोजी त्याचे सर्व्हर बंद केले. दुसऱ्या दिवशी कपाटातील तबकडी जागच्या जागी होती, यंत्र शाबूत होते, पावतीही होती. खेळ मात्र सुरू होईना. एवढ्यावरही गोष्ट थांबली नाही. ज्यांनी तो इंटरनेटवरून घेतला होता, त्यांपैकी अनेकांच्या खात्यांतून खेळाचा परवानाच पुढे काढून घेण्यात आला.

हे कसे घडते ते समजून घेतले पाहिजे, कारण प्रश्नाचे मर्म तेथेच आहे. सर्व्हर म्हणजे कंपनीच्या ताब्यातील मध्यवर्ती संगणक. अनेक खेळाडू एकाच वेळी खेळत असतील तर त्यांची गाठ घालून देण्यासाठी असा संगणक लागतो, हे उघड आहे. पण ‘द क्रू’मध्ये एकट्याने खेळण्याचाही मोठा भाग होता आणि तो खेळतानासुद्धा घरचे यंत्र कंपनीच्या संगणकाशी जोडलेले असणे सक्तीचे होते. उद्या कोणी बुद्धिबळाचा पट विकत आणला, आणि प्रत्येक डाव मांडण्यापूर्वी दुकानदाराला दूरध्वनी करून परवानगी घ्यावी लागली, तर त्या विक्रेत्याला लोक काय म्हणतील? येथे तर दुकानदाराने दूरध्वनी उचलणेच बंद केले आणि पट निरुपयोगी झाला.

अशा वेळी ग्राहक सहसा चार शिव्या हासडतो आणि पुढच्या खेदाचे पैसे बाजूला काढू लागतो. रॉस स्कॉट या पोलंडमध्ये राहणाऱ्या अमेरिकी माणसाने तसे केले नाही. खेळांवर गमतीदार चित्रफिती तयार करणे हा त्याचा उद्योग. कायद्याशी त्याचा व्यावसायिक संबंध नाही. एप्रिल २०२४ मध्ये त्याने ‘स्टॉप किलिंग गेम्स’ ही मोहीम सुरू केली. तिची मागणी ऐकून कोणालाही आश्चर्य वाटावे, इतकी ती माफक आहे. कंपनीने सर्व्हर अनंतकाळ चालवावेत असे ही मंडळी म्हणत नाहीत. खेळाची मालकी किंवा त्याची मूळ आज्ञावलीही त्यांना नको आहे. ज्या दिवशी कंपनी हात काढून घेईल, त्या दिवशी विकलेला खेळ कंपनीच्या मदतीशिवाय कसाबसा तरी चालेल अशी व्यवस्था करून मग तिने जावे, एवढेच त्यांचे म्हणणे.

युरोपीय संघात नागरिकांना कायद्याचा प्रस्ताव मांडण्याची एक रीतसर वाट आहे. एका वर्षात दहा लाख स्वाक्षऱ्या, त्याही किमान सात देशांतून ठराविक प्रमाणात गोळा झाल्या, तर युरोपीय आयोगाला त्या प्रस्तावाला उत्तर द्यावेच लागते. बहुतेक प्रस्ताव या चढणीवर धापा टाकून बसतात. खेळवेड्यांचा प्रस्तावही जून २०२५ पर्यंत रखडला होता. मग जुलैच्या आरंभी चक्रे फिरली, दहा लाखांचा आकडा ओलांडला गेला आणि मुदत संपेपर्यंत तो कितीतरी पुढे गेला. ब्रिटनमध्येही एक लाखाहून अधिक स्वाक्षऱ्यांच्या बळावर हा विषय नोव्हेंबर २०२५ मध्ये संसदेत चर्चेला आला. सरकारने कायदा बदलण्याची तयारी दाखवली नाही हा भाग निराळा. ज्यांना घरात ‘दिवसभर खेळतो’ एवढीच ओळख आहे, त्या वयाच्या मुलांनी घटनात्मक मार्गाने, नियम वाचून, देशोदेशीच्या स्वाक्षऱ्या जमवून हे घडवले, याची नोंद त्यांच्या टीकाकारांनीही घ्यावी.

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. युरोपातील खेळउद्योगाच्या संघटनेने जुलै २०२५ मध्ये उत्तर दिले ते असे, की सेवा बंद करण्याचा निर्णय सहजासहजी घेतला जात नाही. खेळाडूंनी स्वतःचे सर्व्हर चालवले तर तेथील माहितीच्या सुरक्षिततेची आणि बेकायदा मजकुराची जबाबदारी कोण घेणार. आणि असे बंधन घातले तर खेळ तयार करणेच परवडणार नाही. यातील पहिला मुद्दा कोणी नाकारत नाही, दुसऱ्यात काही अंशी तथ्य आहे. तिसऱ्या मुद्द्याला मात्र खुद्द युबिसॉफ्टच्या पुढील वर्तनानेच उत्तर दिले. गदारोळ झाल्यावर सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जाहीर केले, की याच मालिकेतील पुढील दोन खेळांना इंटरनेटविना चालण्याची सोय दिली जाईल. मूळ ‘द क्रू’च्या बाबतीतही, कंपनीने जे केले नाही ते काही चाहत्यांनी पदरमोड करून केले. खेळ आणि सर्व्हर यांच्यातील संभाषणाचा अभ्यास करून त्यांनी पर्यायी सर्व्हर उभा केला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तो सर्वांना मोकळा केला. हौशी मुलांना फावल्या वेळात जमते, ते हजारो अभियंते पदरी असणाऱ्या कंपनीला परवडत नाही, हे पटण्याजोगे नाही. सोनीचे उदाहरण त्या मानाने स्वच्छ म्हणावे लागेल. ‘कॉनकॉर्ड’ हा तिचा खेळ ऑगस्ट २०२४ मध्ये आला, सपशेल आपटला आणि दोन आठवड्यांत मागे घेतला गेला. पण घेणाऱ्यांचे पैसे कंपनीने परत केले.

मुंबईकर वाचकाला या सगळ्या व्यवहाराचे एक जुने रूप परिचयाचे आहे. पागडीची खोली! घर घेताना जवळजवळ विकतच्या किमतीची रक्कम मोजायची, पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहायचे, भिंतींना रंग आपण लावायचा, कौले आपण शाकारायची. आणि तरीही कागदोपत्री भाडेकरूच राहायचे. खोली दुसऱ्याला द्यायची तर घरमालकाचा वाटा आधी त्याच्या हातावर ठेवायचा. आजचा डिजिटल ग्राहक नेमका याच स्थितीत आहे, आणि खरे पाहता त्याची अवस्था पागडीवाल्याहून वाईट आहे. पागडीच्या भाडेकरूला निदान भाडे नियंत्रण कायद्याचे छत्र आहे; घरमालक मनात आले म्हणून त्याला उद्या रस्त्यावर काढू शकत नाही. त्याची खोली, मालकाला वाटा देऊन का होईना, हस्तांतरित तरी होते. डिजिटल खेळ, पुस्तक वा गाणे मुलाच्या नावे करून देता येत नाही, मित्राला वाचायला देता येत नाही आणि घरमालकाने कुलूप बदलले तर दाद मागण्याची वाट सापडत नाही. सर्वांत चीड आणणारी बाब शब्दांची आहे. पागडी घेणाऱ्याला आपण पागडी देत आहोत हे ठाऊक असते. येथे पडद्यावरील बटणावर ‘खरेदी करा’ असे लिहिलेले असते आणि ‘हा केवळ परवाना आहे’ हे वाक्य अटींच्या अरण्यात कोठेतरी सतराव्या पानावर दडलेले असते.

या शब्दच्छलाला पहिला लगाम घातला तो कॅलिफोर्नियाने. ज्या राज्यात या उद्योगातील धनाढ्य कंपन्यांची माहेरघरे आहेत, त्याच राज्याने सप्टेंबर २०२४ मध्ये कायदा केला आणि १ जानेवारी २०२५ पासून तो लागू झाला. ग्राहकाला केवळ परवाना मिळत असेल, तर ते स्पष्टपणे सांगितल्याखेरीज ‘खरेदी’ हा शब्द वापरता येणार नाही, असा त्याचा आशय. संगणकीय खेळांचे सर्वांत मोठे दुकान असलेल्या ‘स्टीम’ने त्याआधीच पैसे भरण्याच्या पानावर तशी सूचना झळकवली. उलट पोलंडमधील ‘जीओजी’ हे दुकान वर्षानुवर्षे खेळ अशा रूपात विकत आले आहे, की एकदा उतरवून घेतला की तो घेणाऱ्याच्या कपाटात राहतो, दुकान बुडाले तरी चालतो. त्यामुळे अशी विक्री करून धंदा होत नाही, हे म्हणणे टिकत नाही.

खेळांचे राहू द्या, असे कोणी म्हणेल. खेळ हा रिकामपणाचा उद्योग, तो बंद पडला तर मुले अभ्यासाला लागतील! असे म्हणणाऱ्यांनी पुस्तकांचे काय झाले ते आठवावे. जुलै २००९ मध्ये ॲमेझॉनने आपल्या किंडल या वाचनयंत्रावरून ग्राहकांनी विकत घेतलेली दोन पुस्तके, ग्राहकांना न विचारता, दुरूनच पुसून टाकली. ज्याने ती विक्रीस ठेवली त्याच्याकडे अमेरिकेतील प्रकाशनहक्क नव्हते, हे कारण. पैसे परत करण्यात आले. मिशिगनमधील एका शाळकरी मुलाने अभ्यासासाठी त्या पुस्तकावर टिपणे काढली होती, ती निराधार झाली आणि तो न्यायालयात गेला. कंपनीच्या प्रमुखांनी जाहीर माफी मागितली. योगायोग असा, की ती पुस्तके जॉर्ज ऑर्वेलची होती आणि त्यांपैकी एक होते ‘१९८४’. नको असलेला मजकूर सत्ताधारी नाहीसा करतात, हेच ज्या कादंबरीचे सूत्र, तीच नाहीशी झाली. पुस्तकविक्रेता रात्री घरात शिरून फडताळातील पुस्तक घेऊन गेला आणि टेबलावर पैसे ठेवून गेला, तर त्याला चोरीच म्हणतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीने विकत घेतलेली पुस्तके संगणकावर उतरवून तारेने वाचनयंत्रात नेण्याची सोयही काढून टाकली. म्हणजे स्वतःजवळ प्रत राखण्याची उरलीसुरली वाटही अरुंद झाली. यातील विपर्यास असा, की चोरीची प्रत वापरणाऱ्याचे काहीच बिघडत नाही. प्रामाणिकपणे पैसे मोजणारा तेवढा टांगणीला लागतो.

यंत्रांच्या बाबतीत हीच कथा वेगळ्या वेषात दिसते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, पुण्याची तपकीर गल्ली यांवर ज्यांची तरुणपणची पावले पडली आहेत, त्यांना दुरुस्तीची संस्कृती निराळी समजावून द्यावी लागणार नाही. रेडिओचा खटका गेला, टेपरेकॉर्डरचा पट्टा सैलावला, मिक्सरची मोटार जळली, तर माणूस ती वस्तू पिशवीत घालून निघे आणि कोपऱ्यावरचा कारागीर कंपनीला न विचारता ती उघडत असे. वस्तू टाकून देणे हा शेवटचा पर्याय. त्याआधी ती धाकट्या भावाकडे, मग गावाकडे जायची. काटकसरीचे हे संस्कार कोणी पुस्तकातून शिकवले नव्हते. मोबाईल आला तेव्हाही प्रारंभी मागचे झाकण नखाने निघत असे आणि बॅटरी दुकानातून आणून घरी बसवता येत असे. मग झाकणे बंद झाली, बॅटऱ्या गोंदाने चिकटल्या, स्क्रू असे आले की साधा पेचकस लागू नये. त्याहून पुढची पायरी म्हणजे सुट्या भागांची ‘जोडणी’. प्रत्येक भागाला क्रमांक आणि मुख्य पट्टीला तो क्रमांक ठाऊक. त्याच कंपनीच्या, त्याच प्रकारच्या दुसऱ्या फोनमधील अस्सल पडदा बसवला, तरी फोन तो परका मानतो आणि काही सोयी बंद करतो. कारागिराचे कसब येथे निरुपयोगी ठरते, कारण बिघाड धातूत नसतो, कंपनीच्या इच्छेत असतो.

डिसेंबर २०१७ मध्ये ॲपलने मान्य केले, की बॅटरी जीर्ण झालेल्या जुन्या आयफोनचा वेग नव्या आज्ञावलीद्वारे कमी केला जातो. फोन अचानक बंद पडू नये म्हणून ही तजवीज, असा खुलासा होता आणि तांत्रिकदृष्ट्या तो निराधारही नव्हता. पण ग्राहकाला हे कोणी सांगितले नव्हते. फोन म्हातारा झाला असे समजून किती जणांनी नवा घेतला असेल, कोण जाणे! साध्या बॅटरीने काम भागले असते. अमेरिकेत यावरील दावे मिटवण्यासाठी कंपनीने २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंत रक्कम देण्याचे कबूल केले. सप्टेंबर २०१६ मध्ये एचपीच्या अनेक छपाईयंत्रांनी इतर कंपन्यांच्या शाईच्या डब्या एके दिवशी एकाएकी नाकारल्या, तोही यातलाच प्रकार. शाई भरून आणणाऱ्या मध्यमवर्गीय घरांना त्याची झळ सांगण्याची आवश्यकता नाही.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून मोबाईलसाठी नियम लागू केले, त्यांनुसार महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षे उपलब्ध ठेवावे लागतात. भारतात केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्काचा विचार करण्यासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षीच्या २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, एक संकेतस्थळ सुरू केले. तेथे कंपन्या दुरुस्तीची व सुट्या भागांची माहिती देतात. उपक्रम स्तुत्य आहे. परंतु माहिती देणे निराळे आणि हक्क देणे निराळे. कारागिराच्या हाती सुटा भाग, आकृती आणि त्या भागाला ‘ओळख’ देण्याची किल्ली पडेपर्यंत लॅमिंग्टन रोडवरील दुकानाचे काम भागत नाही.

आता प्रश्न वैयक्तिक सोयीपुरता राहत नाही, हे दाखवणारी घटना. जुलै २०२५ मध्ये युरोपीय संघाने रशियावर निर्बंधांचा १८ वा संच लादला. गुजरातमधील वाडीनार येथे तेलशुद्धीकरण कारखाना असलेली नायरा एनर्जी ही कंपनी त्यात सापडली, कारण तिच्यात रशियाच्या रॉसनेफ्टचा ४९ टक्क्यांहून थोडा अधिक वाटा आहे. पाठोपाठ मायक्रोसॉफ्टने नायराच्या सेवा थांबवल्या. परवान्यांचे पूर्ण पैसे भरलेले असताना स्वतःच्याच माहितीपर्यंत पोहोचता येईना, असे सांगत कंपनी दिल्ली उच्च न्यायालयात गेली. त्यानंतर काही दिवसांत सेवा पूर्ववत झाल्या. भारताच्या भूमीवर, भारतीय कायद्यानुसार चालणाऱ्या उद्योगाचे टपाल परक्या देशातील निर्णयामुळे बंद पडते, ही गोष्ट ‘द क्रू’ खेळणाऱ्या मुलाच्या तक्रारीहून जातीने वेगळी नाही. फरक केवळ आकाराचा.

यावर ‘मग स्वदेशी वापरा’ हे उत्तर ओठांवर येते, आणि परक्या सरकारच्या लहरीपासून संरक्षण म्हणून ते योग्यच आहे. पण तेवढ्याने भाडेकरूपण संपत नाही, हे स्पष्ट बोलले पाहिजे. ‘हाइक’ ही भारतीय संदेशसेवा होती. कोट्यवधी भारतीयांनी ती घेतली आणि जानेवारी २०२१ मध्ये ती बंद झाली. ‘कू’ तर स्वदेशीचा झेंडा घेऊनच आले होते. मंत्र्यांनी, सरकारी खात्यांनी, अनेक कार्यकर्त्यांनी मोठ्या उमेदीने तेथे बिऱ्हाड मांडले, मराठीसह भारतीय भाषांतून लिहिले. जुलै २०२४ मध्ये तेही आटोपले. यात कोणाचा कुटील हेतू नव्हता. भांडवल संपले, भागीदार मिळाला नाही. परंतु लिहिणाऱ्यांच्या दृष्टीने परिणाम तोच झाला. घरमालक स्वजातीय असला म्हणून भाडेकरू घरमालक होत नाही! स्वदेशीच्या आग्रहाला मालकीच्या आग्रहाची जोड नसेल, तर हाती उरते ती फक्त कुलपावरची देशी बनावटीची मोहोर.

इंटरनेटवरील समूहांची गत तर विशेष शोचनीय. २००४ साली सुरू झालेल्या ऑर्कुटवर एका पिढीने मैत्री केली. गावांचे, शाळांचे, किल्ल्यांवर भटकणाऱ्यांचे, जुन्या नाट्यसंगीताच्या रसिकांचे मराठी गट तेथे होते. ३० सप्टेंबर २०१४ रोजी गूगलने ते बंद केले. याहूच्या गटांतील जुना मजकूर २०१९-२० मध्ये पुसला गेला. तेथे विखुरलेल्या मराठी माणसांनी, विशेषतः परदेशस्थांनी, एकमेकांना पाठवलेली पत्रे होती, चर्चा होत्या, भांडणेही होती. एखाद्या गावचे वाचनालय जळाले तर वर्तमानपत्रात बातमी येते. ही वाचनालये बंद होताना आधी सूचनापत्र आले आणि बहुतेकांनी ते न वाचता पुसले. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने जुलै २०२३ मध्ये केलेली पाहणी सांगते, की तेथे २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज रीतसर बाजारात मिळत नाहीत. मराठी इंटरनेट-लेखनाची अशी मोजदाद झाली, तर आकडा आनंददायक निघण्याची शक्यता कमी.

मराठीला या संकटाचा अनुभव तसा नवा नाही. १९९० च्या दशकात पुस्तके, दिवाळी अंक, संस्थांच्या स्मरणिका संगणकावर जुळू लागल्या, त्या निरनिराळ्या कंपन्यांच्या खासगी फाँटमध्ये. भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हे प्रमाणित संकेत उपलब्ध होते, त्यावर आधारलेला देवनागरीचा आराखडा युनिकोडच्या १९९१ मधील पहिल्याच आवृत्तीत होता. पण कंपन्यांनी आपापली सांकेतिक भाषा वापरली आणि कित्येक आज्ञावल्या तर संगणकाच्या पाठीत एक कुलूपवजा डबी खोचल्याशिवाय सुरूच होत नसत. ती डबी हरवली, कंपनीने जुनी आवृत्ती सोडून दिली, की आपणच लिहिलेला मराठी मजकूर रोमन अक्षरांच्या खिचडीसारखा दिसू लागे. आजही अनेक संस्थांच्या कपाटांत अशा तबकड्या पडून आहेत. मजकूर आपला, भाषा आपली, किल्ली दुसऱ्याची. जे युनिकोडमध्ये लिहिले गेले ते मात्र आज कोणत्याही यंत्रावर उघडते, कारण तो संकेत कोणा एकाच्या मालकीचा नाही. खुल्या प्रमाणांचे महत्त्व पटवण्यासाठी मराठी माणसाला सिलिकॉन व्हॅलीतील दाखले लागू नयेत.

तंत्रवेड्या तरुणाची एवढी बाजू घेतल्यावर त्याचे कान धरणेही आले. नवा फोन येणार म्हटले की दुकानाबाहेर रांग लावतो तो हाच. खेळ तयार होण्याआधीच त्याचे पैसे भरतो तोही हाच. जुन्या यंत्राला कमीपणा मानण्याची जी रीत कंपन्यांना हवी असते, ती मित्रमंडळींत रुजवण्याचे काम तोच विनामूल्य करतो. अटींच्या कागदावर न वाचता ‘मान्य’ म्हणणाऱ्याने नंतर फसवणुकीची हाकाटी करावी, हे अर्धसत्य होय. आणि सरसकट सर्व ऑनलाइन खेळांना एका मापाने मोजू नये. पैसे लावून खेळायच्या खेळांवर ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायद्याने बंदी घातली, ती कित्येक कुटुंबांची धूळधाण पाहून घातली. तेथे ग्राहकहक्काची भाषा कोणी करू नये. येथे विचार चालला आहे तो पैसे देऊन घेतलेल्या निर्दोष वस्तूचा.

अशा ग्राहकाला भारतात दाद मागता येते काय? ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ यात ‘अनुचित करार’ अशी एक नवी संज्ञा आली. ग्राहकाच्या हक्कांत मोठा फेरफार करणाऱ्या अटींचा करार त्यात मोडतो आणि वाजवी कारणाशिवाय एकतर्फी करार संपवण्याचा अधिकार स्वतःकडे राखणे, याचा त्यात नावानिशी उल्लेख आहे. ‘कोणतेही कारण न देता आम्ही केव्हाही सेवा थांबवू’ हे वाक्य ज्यांनी अशा अटींत वाचले असेल, त्यांना या व्याख्येचे मोल लगेच उमगेल. अडचण अशी, की अनुचित कराराविरुद्धची तक्रार जिल्हा आयोगाकडे चालत नाही; ती राज्य किंवा राष्ट्रीय आयोगाकडेच न्यावी लागते. दोन हजारांच्या खेळासाठी वा चारशेच्या पुस्तकासाठी लातूरचा वा सावंतवाडीचा विद्यार्थी राज्य आयोगाची पायरी चढणार नाही, हे कंपन्यांना पक्के ठाऊक आहे.

परंतु समान तक्रार असणाऱ्या अनेक ग्राहकांना एकत्र दावा करण्याची आणि नोंदणीकृत ग्राहक संघटनेला त्यांच्या वतीने उभे राहण्याची मुभा याच कायद्याने दिली आहे. १९७४ साली बिंदुमाधव जोशी यांनी पुण्यात ग्राहक पंचायतीचा पाया घातला, तेव्हा प्रश्न वजनमापांचे, भेसळीचे आणि भावांचे होते. आज त्या कामात असलेल्या अनेक ज्येष्ठ कार्यकर्त्यांना सर्व्हर आणि परवाना यांतील खाचाखोचा परिचित नाहीत. त्या परिचित असलेल्या मुलाला तक्रारअर्ज कसा लिहावा हे माहीत नाही. पुष्कळदा हे दोघे एकाच घरात राहतात. दिवाळीच्या सुट्टीत त्या मुलाने आजवर ‘विकत’ घेतलेल्या खेळांची, पुस्तकांची व आज्ञावल्यांची यादी करावी, प्रत्येकीच्या अटींतील करार संपवण्याचे कलम आजोबांना वाचून दाखवावे आणि दोघांनी मिळून पहिला मसुदा तयार करावा. राज्य आयोगापुढे जाणारी पहिली सामुदायिक तक्रार अशाच एखाद्या टेबलावर लिहिली जाईल.